चकलीसरांची एकुलती एक प्रजाती

चकलीसरांना जेवायला बोलावणं म्हणजे घरी तपासणी ओढवून घेणं. ताटात लाडू आला की ते तो आधी मधोमध फोडत, गळ्यातल्या काळ्या दोरीचं भिंग डोळ्याला लावत, दोन्ही अर्धुकांचं पोट बघून घेत आणि मगच एक अर्धुक तोंडात टाकत. माझ्या वर्गमैत्रिणीच्या साखरपुड्यात त्यांनी हे केलं तेव्हा मुलाकडचे एक मामा हात जोडून धावत आले. त्यांना वाटलं, अन्नभेसळवाले साहेब आले. सरांनी मामांना शेजारी बसवून घेतलं आणि भिंग त्यांच्या डोळ्याला लावलं. "बाहेरून सगळे लाडू गोलच असतात हो," सर म्हणाले, "काय हाय ते आतून बघावं लागतं." मामांनी बघितलं. त्यांना बेसन दिसलं. पण पंगत उठेपर्यंत सरांच्या पानात वाढप्यांची ये-जा थांबली नाही.

मी मूळची लोह्याची. बारावीनंतर नांदेडच्या कॉलेजात भूगर्भशास्त्राला नाव घातलं, ते वडिलांच्या सांगण्यावरून. पोरगी शिकली की बोअरला पाणी कुठं लागेल ते सांगेल, एवढा त्यांचा सरळ हिशेब होता. पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, "कशासाठी आलीस?" मी म्हटलं, "पाणी बघायला." ते हसले नाहीत. "इथं समुद्र शिकवतात," म्हणाले, "आणि तोही आटलेला. बघ, जमत असेल तर बस." मी बसले. वर्गात आम्ही मोजून सात जण. सर कुणालाच नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. "ए धर्माबाद, खिडकी लाव. लोहा, इकडं ये, हे बघ." पुढं पीएच.डी.ला त्यांच्याकडेच नाव नोंदवलं तरी मी लोहाच राहिले.

त्यांचं 'चकलीसर' हे नाव आमच्या आधीच्या कुठल्यातरी बॅचनं ठेवलेलं होतं आणि त्याला कारणही तसंच होतं. सरांचा सगळा जन्म फोरॅमिनिफेरा नावाच्या जीवांत गेला. समुद्रात राहणारा एका पेशीचा जीव, स्वतःभोवती कवच बांधतो, वाढेल तसा कवचात एकेक कप्पा जोडत जातो. जीव मरतो, कवच तळाशी पडतं आणि कोट्यवधी वर्षांनी दगडात सापडतं. सरांचे लाडके जे होते, नम्युलाइट्स, त्यांचं कवच नाण्यासारखं चपटं आणि आत कप्प्यांची गुंडाळी. हे शिकवायला सर घरून डबाभर चकल्या आणत. एक चकली आडवी चिरत आणि दाखवत, "हे बघा, वेटोळं दिसलं." दुसरी उभी चिरत. "आता वेटोळं कुठंय? नुसते ठिपके. चकली तीच, सुरी फिरली." मग तुकडे वर्गात वाटत. कवचाचा काप कुठून घेतला हे बघितल्याशिवाय नाव सांगायचं नाही, हा धडा आमच्यापैकी कुणीच विसरलं नाही, कारण त्या चकल्या सरांच्या घरच्या, काकूंच्या हातच्या होत्या.

वर्गीकरणाची सुरुवात ते भिंतीपासून करत. कवचाची भिंत कशाची आहे? कुणी समुद्रतळाचे वाळूचे कण वेचून चिकटवतो, ती वाळूची भिंत. कुणाची भिंत चिनी मातीच्या कपासारखी, पांढरी आणि बिनछिद्राची. कुणाची काचेसारखी, आरपार उजेड जाणारी, पण सुईच्या टोकाहून बारीक छिद्रांनी भरलेली. आधी भिंत, मग कप्प्यांची मांडणी, मग कप्प्यांमधले पडदे, आणि सगळ्यात शेवटी नाव. आम्ही कार्टी, हे ज्ञान कुठं वापरावं? प्राचार्यांना आम्ही वाळूच्या भिंतीत घातलं होतं, कारण आजूबाजूला जे मिळेल ते ते स्वतःला चिकटवून घेत. सरांच्या कानावर ते गेलं. "कापून बघितलंत का?" त्यांनी विचारलं. आम्ही मान खाली घातली. "मग नाव देऊ नका."

हा गृहस्थ नांदेडात राहून समुद्री जीवांवर संशोधन का करत होता, हे कुणालाच उलगडलं नाही. आपल्याकडे जमीन काळ्या फत्तराची, लाव्ह्याची. त्यात समुद्राचा किडा शोधणं म्हणजे तव्यावर मासा शोधणं. सर मूळचे उदगीरचे, घरात पिढीजात व्यापार. कपाळाला विभूती लावून भावांनी गादी सांभाळली आणि हे विभूती लावून कच्छला गेले. तरुणपणी तिथून त्यांनी रेल्वेनं दगडांचं एक पोतं आणलं. त्या पोत्यावर त्यांनी पुढची सगळी नोकरी काढली. दगड फोडायचा, कवच वेगळं करायचं, काचेवर ओली पूड टाकून हातानं घासत घासत इतकं पातळ करायचं की खालची अक्षरं वाचता यावीत. एका कापाला दुपार जायची. मग सूक्ष्मदर्शकाखाली कप्पे मोजायचे. मोजताना ते आपसूक लहानपणच्या कानडीत जात, "ओंदु, एरडु, मूरु..." आणि आम्ही श्वास रोखून बसत असू, कारण मध्ये कुणी बोललं की ते पुन्हा ओंदुपासून सुरू करत.

नांदेडात नवीन आले तेव्हाचा एक किस्सा ते स्वतःच सांगत. खोली बघायला गेले. घरमालकानं विचारलं, काय करता? सर म्हणाले, "जाती ठरवतो." दुसऱ्या दिवशी घरमालक काखेत फायली मारून हजर. पणजोबांचा निजामाच्या काळातला उर्दू कागद, आजोबांचा शाळेचा दाखला, सगळं. "साहेब, आमचं तेवढं बघा, लई दिवसांपासून अडकून राहिलंय." सरांनी तासभर समजावलं की आपल्या जाती दगडातल्या, काही कोटी वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या. घरमालकानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मेल्यात म्हणता, तर मग त्यांची पडताळणी कशाला?" सर म्हणत, माझ्या विषयावर इतका नेमका प्रश्न मला पुढं कुठल्या परिषदेतही कुणी विचारला नाही.

आता मारोतरावीबद्दल सांगायला हवं. मी यायच्या बऱ्याच आधी सरांना त्या पोत्यातल्या दगडांत रुपयाएवढी मोठी कवचं सापडली. कुठल्याच नोंदलेल्या प्रजातीशी ती जुळेनात. ही नवी प्रजाती आहे, असा त्यांचा निष्कर्ष झाला. नेमक्या त्याच सुमारास विद्यार्थी कमी म्हणून आमचा विभाग बंद करायची फाइल संस्थेत फिरत होती. प्राचार्यांनी सरांना चहाला बोलावलं. "तुमच्याकडं काहीतरी नवीन निघालंय म्हणे. त्याला नाव द्यायचं असतं ना?" संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब. त्यांचे दिवंगत वडील मारोतराव हे संस्थेचे संस्थापक. सरांना खरं तर दगड जिथून आणले त्या कच्छमधल्या गावाचं नाव द्यायचं होतं. पण शोधनिबंध छापून आला तो 'नम्युलाइट्स मारोतरावी' या नावानं. बंदची फाइल कुठं गेली कुणालाच कळलं नाही. माहितीपुस्तकात दर वर्षी मारोतरावांचा फोटो आणि शेजारी मारोतरावीचा फोटो छापला जाऊ लागला. कवचाचा फोटो कायम उलटा असे. पण वेटोळ्याला उलटंसुलटं नसतं, त्यामुळे सरांखेरीज कुणाला त्याचा त्रास झाला नाही.

माझ्या पीएच.डी.चा विषय त्याच मारोतरावीची सविस्तर रचना हा होता. आयुष्यात मारोतरावांच्या पलीकडं जायचं नाही असं नशिबातच होतं म्हणायचं. दुसऱ्या वर्षी चांगली कवचं संपत आली, म्हणून मी कपाटातला एक पत्र्याचा डबा काढला. पोत्याच्या तळाचा चुरा होता त्यात. तो धुतला, चाळला, तर मसुरीच्या डाळीएवढी बारीक कवचं निघाली. मी सहज त्यांचे काप केले. आणि दोन दिवसांत माझी भूक गेली.

कारण सरांनीच आम्हाला शिकवलं होतं की या जीवांत काहींच्या दोन पिढ्या आलटून पालटून येतात. एका पिढीचा पहिला कप्पा मोठा, पण कवच लहानच राहतं. दुसरीचा पहिला कप्पा इतका बारीक की घासताना जरा हात चुकला तर निघून जावा, पण कवच वाढून मोठं होतं. बाहेरून बघाल तर दोन वेगळे जीव वाटतील, असतात एकच. मारोतरावीचा पहिला कप्पा अगदी बारीक होता, या बारक्या कवचांचा मोठा. बाकी भिंतीची जाडी, पडद्यांचा बाक, मधले खांब, वेटोळ्यांमधलं अंतर, सगळं तंतोतंत जुळत होतं. आणि या बारक्या कवचाला शंभराहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी नाव देऊन ठेवलेलं होतं. त्याची मोठी पिढी तेवढी कुणी ओळखली नव्हती. शास्त्राचा नियम असा की जुनं नाव राहतं. म्हणजे मारोतरावी अशी प्रजाती नव्हतीच.

तीन आठवडे मी गप्प बसले. सरांचा आयुष्यभराचा हा एकच शोध, विभागाचा आधार तोच, माझा प्रबंधही त्याच्यावरच उभा. त्यातच महाविद्यालयाच्या नव्या प्रवेशद्वारावर मारोतरावीची सिमेंटची भव्य प्रतिकृती बसवायचं काम सुरू होतं. शेवटी एका दुपारी मी काप नेऊन सरांच्या सूक्ष्मदर्शकाशेजारी ठेवले. म्हटलं, "सर, एवढं बघता का?"

ते मोजू लागले. ओंदु, एरडु. मग दुसरा काप. मग पहिला परत. मोजणं मध्येच थांबलं, आणि मी तर एक शब्दही बोलले नव्हते.

"हे कुठलं?"

"आपल्याच पोत्यातलं, सर. तळाचा चुरा."

"मी तो फेकला न्हाई व्हय?"

"नाही सर. डब्यावर तुमच्याच अक्षरात 'ठेवणे' लिहिलंय."

त्यांनी भिंग पुसलं. "काप राहू दे माझ्याकडं," म्हणाले, आणि आठ दिवस त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. वर्ग झाला की आत, घंटा झाली की बाहेर. मी मनातून लातूरच्या शिकवणी वर्गांत नोकरी बघायला लागले होते. तिथं बारावीच्या पोरांकडून भूगोल पाठ करून घेणाऱ्या मॅडम म्हणून माझं स्वतःला रंगवूनही झालं होतं.

नवव्या दिवशी त्यांनी हाक मारली. मी लिहिलेला कच्चा निबंध त्यांच्यासमोर होता. शेवटच्या परिच्छेदात मी, आपण मराठीत ज्याला 'बहुधा' म्हणू असा इंग्रजी शब्द घातला होता. मारोतरावी ही बहुधा स्वतंत्र प्रजाती नसावी. सरांनी त्यातला 'बहुधा' लाल शाईनं खोडला होता आणि 'नसावी'चं 'नाही' केलं होतं.

"हा शब्द कशाला घातलास?"

"तुमचा आदर म्हणून, सर."

"आदर चहा देताना दाखव," ते म्हणाले. "इथं न्हाई." मग चार ठिकाणचे स्वल्पविराम दुरुस्त केले, स्वतःचं नाव वरून काढून माझ्या नावाखाली घातलं आणि टोपी उचलली. "चल. अण्णासाहेबांना सांगावं लागंल."

अण्णासाहेब बंगल्याच्या पडवीत वर्तमानपत्र वाचत होते. सरांनी पिशवीतून कापांचे फोटो काढून दाखवले, सगळं समजावलं. एक चकली बरोबर नेली होती, तीही चिरून दाखवली. अण्णासाहेबांनी चकलीचा तुकडा खाल्ला.

"सर, मला एक सांगा. ते जनावर जिवंत हाय का?"

"न्हाई. कोटीच्या हिशेबात वर्षं झाली."

"मग मेलेल्याला दुसऱ्यांदा मारून काय मिळवून राहिलात?"

"ते नव्हतंच, अण्णासाहेब. मरणार कुठून?"

अण्णासाहेब हसले. माणूस वाईट नव्हता. "हे छापलं तर कोण वाचणार?"

सरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "बारा-पंधरा लोक."

"नांदेडात?"

"जगात."

"मग खुशाल छापा," अण्णासाहेब म्हणाले. "पण नव्या गेटच्या उद्घाटनात भाषण तुमचंच ठेवलंय. तिथं तेवढं नका बोलू."

सर म्हणाले, "तिथं न बोललो तर खोटं होतंय." आणि नमस्कार करून निघाले. अण्णासाहेबांनी भाषण रद्द केलं नाही. पत्रिका छापून झाल्या होत्या.

कार्यक्रमाच्या दिवशी मांडव भरला होता. प्रतिकृती करणारा कारागीर मंदिरांची कामं करणारा. नुसतं वेटोळं त्याला फार उघडं वाटलं असावं, कारण त्यानं कडेनं कमळाच्या पाकळ्या बसवल्या होत्या. खालून बघितलं की ट्रॅक्टरचं चाक फुलल्यासारखं दिसे. सर माइकसमोर उभे राहिले.  त्यांनी काहीच गाळलं नाही. भिंत, कप्पे, दोन पिढ्या, सगळं सांगितलं. "आम्ही ज्याला वेगळं समजत होतो, ते वेगळं नव्हतं," ते म्हणाले. "पहिली पिढी आणि दुसरी पिढी दिसायला निराळी. पण आतून बघितलं तर एकच. ही गोष्ट माझ्या लक्षात आली नाही, ती माझी चूक. माझ्या विद्यार्थिनीच्या लक्षात आली. म्हणून हे नाव आजपासून राहणार नाही."

शेवटचं वाक्य कुणापर्यंत पोचलंच नाही. 'आतून एकच'पाशी टाळ्या सुरू झाल्या होत्या. सूत्रसंचालन करणारे मराठीचे प्राध्यापक गहिवरून म्हणाले की मारोतराव आणि अण्णासाहेब या पितापुत्रांच्या दोन पिढ्यांचं याहून सुंदर वर्णन होणं शक्य नाही. पुढच्या रांगेत अण्णासाहेबांचे डोळे पाणावले होते. ते उठले, मंचावर आले आणि सरांना मिठी मारून त्यांनी स्वतःच्या गळ्यातला हार सरांच्या गळ्यात घातला. सर माइककडे परत वळत होते. "ऐका तरी, मी असं म्हणून राहिलो..." पण तोवर वाजंत्री सुरू झाली.

निबंध छापून आला. बारा-पंधरा लोकांनी तो वाचला असावा, कारण जगातल्या याद्यांमध्ये मारोतरावीच्या नावापुढे ते नाव रद्द असल्याची नोंद पडली. गेट आहे तसंच आहे. माझी पदवी झाली. विभाग मात्र सर निवृत्त झाल्यावर दोन वर्षांत बंद झाला. कारण मारोतरावी नव्हे, विद्यार्थी नव्हते एवढंच. शास्त्रात सरांच्या नावावर आज एकही प्रजाती नाही. एका प्रजातीचं नाव कमी करणाऱ्यांत मात्र त्यांचं नाव आहे, आणि तेही दुसरं.

निवृत्तीनंतर सर लातूरला मुलीकडे राहायला गेले. गेल्या उन्हाळ्यात ते वारले. मी हल्ली धर्माबादच्या कॉलेजात शिकवते. मला दुसऱ्या दिवशी कळलं, जाऊन पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पण त्याआधी काही महिने मी त्यांना भेटायला गेले होते, ती भेट सांगून थांबते.

मुलीचं घर शिकवणी वर्गांच्या भागात. जिन्यात पोरांच्या सायकली, भिंतीभर पहिल्या आलेल्यांचे फोटो. सरांची नजर अधू झाली होती. मी आवाज दिला तसं ते म्हणाले, "लोहा का? बस." काकूंनी पोहे आणले. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मला राहवलं नाही. इतकी वर्षं मनात होतं ते मी विचारलं. "सर, मी ते काप आणून ठेवले, तेव्हा तुम्हाला वाईट वाटलं होतं का? तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत. मी सगळ्यांना सांगते, आमच्या सरांसारखा मनाचा मोठा माणूस नाही."

सरांनी पोह्यांची बशी बाजूला सरकवली.

"मोठा बिठा न्हाई गं," ते म्हणाले. "ते आठ दिवस दार लावून मी काय करत होतो, वाटतंय तुला?"

"तपासत होता."

"तुझी चूक शोधून राहिलो होतो. कुठंतरी एक पडदा जास्त निघंल, एक खांब कमी भरंल, म्हणून सगळे काप चार-चारदा मोजले. तू चुकलीस असं सापडलं असतं तर तुला फाडून खाल्लं असतं मी."

 मी विचारलं, "मग?"

"न्हाई सापडली," सर म्हणाले, आणि खरं सांगते, इतक्या वर्षांनीही त्यांच्या आवाजात थोडी निराशा होती.